गोठा बांधण्यापूर्वी : जागा, अंतर व परवानगी

पावसाळा तोंडावर आला की गोठा, अवजारांची खोली अथवा पेंढ्याचा मांडव उभारण्याची घाई होते. परंतु नियम न पाहता उभारलेला गोठा पुढे काढावा लागला, तर वर्षाची शिल्लक मातीत जाते. म्हणून आखणीपूर्वी पुढील बाबी क्रमाने पाहाव्यात.

1. जागा कोणती? गावठाणातील परसात बांधावयाचे असल्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी घ्यावी. शेतातील जागेस महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चे कलम 41 लागू होते. जनावरे, चारा, खत, अवजारे व शेतमाल यांसाठीचे बांधकाम ही शेतावरील इमारत होय. ती बांधण्याचा हक्क जमीनधारकास आहे. पण तो सर्वत्र मोकळा नाही.

2. शहर जवळ आहे काय? महानगरपालिकेच्या हद्दीत, तिच्या भोवतालच्या विहित पट्ट्यात व नगरपालिकांच्या हद्दीत जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. वैतरणा परिसराच्या दक्षिणेस 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली आहे. म्हणून येथे सूट गृहीत धरू नये. अशा क्षेत्रात धारण जमीन 0.4 हेक्टरपेक्षा कमी असल्यास परवानगी मिळत नाही. 0.6 हेक्टरपेक्षा अधिक जमिनीवर जोत्याचे क्षेत्र जमिनीच्या चाळिसाव्या हिश्श्यापर्यंत अथवा 400 चौरस मीटर, यांपैकी जे कमी तेवढेच असावे. एक हेक्टरास ही मर्यादा 250 चौरस मीटर येते. एका म्हशीस छपराखाली 4 चौरस मीटर याप्रमाणे पाच म्हशींस 20 चौरस मीटर पुरतात. गोठ्यास ही मर्यादा मुळीच अडचणीची नाही.

3. अंतर किती? रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत रेल्वेचे ना-हरकत पत्र आवश्यक आहे. रस्त्यालगतची इमारत रेषा सार्वजनिक बांधकाम विभागाकडून समजून घ्यावी. खाडीकाठी किनारा नियमनाचे क्षेत्र तपासावे. पागोळ्यांचे पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडू देऊ नये. शेणखताचा खड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर दूर व उताराच्या बाजूस ठेवावा.

4. अर्ज कसा करावा? सात-बारा उतारा, जागेचा नकाशा व मापांसह आराखडा जोडून अर्ज द्यावा आणि पोच जपून ठेवावी. तोंडी होकारावर काम सुरू करू नये.

5. वापर बदलू नये. गोठा म्हणून बांधून वखार अथवा दुकानासाठी भाड्याने दिल्यास कलम 45 खाली दंड होऊ शकतो व जमीन पूर्ववत करावी लागते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याबरोबर जागेवर जाऊन टेपाने अंतरे मोजून द्यावीत. पाया खणण्यापूर्वीचा हा तासाभराचा श्रम पुढील अनेक हेलपाटे वाचवितो.