सेंद्रिय दुधाची पारख गव्हाणीपासून



‘सेंद्रिय’, ‘नैसर्गिक’, ‘देशी गाईचे’ अशी नावे लावलेले दूध शहरात साध्या दुधापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने विकले जाते. त्यामुळे पुसेगाव (ता. सेनगाव, जि. हिंगोली) परिसरातील पशुपालकांपुढे दोन प्रश्न येतात. घरातील लहान मुलांसाठी असे दूध किंवा तूप जादा पैसे मोजून घ्यावे काय? आणि एखाद्या ब्रँडने ‘तुमचे दूध सेंद्रिय म्हणून घालता का’ असे विचारले, तर होकार द्यावा काय? दोन्ही वेळा पाहायचे ते एकच. जनावर काय खाते आणि कसे सांभाळले जाते?

आधी नावांचा घोळ दूर करू. लाल कंधारी किंवा देवणी गाय रासायनिक खतावरच्या वैरणीवर वाढली, तर तिचे दूध सेंद्रिय ठरत नाही. संकरित गाय किंवा मराठवाडी म्हैस नियम पाळून सांभाळली, तर ठरू शकते. ‘ए-टू’ हा दुधातील बीटा-केसीन या प्रथिनाचा प्रकार आहे. शेतीपद्धतीशी त्याचा संबंध नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी हे शब्द वेष्टनावरून काढण्यास सांगितले व पाचच दिवसांत ती सूचना मागे घेतली. यावरून हा शब्द पारखीला किती कामाचा, ते लक्षात यावे.

‘सेंद्रिय’ या शब्दाला मात्र कायद्याचा आधार आहे. २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांनुसार असा माल राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम (एनपीओपी) किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका पद्धतीने प्रमाणित असावा लागतो. पिशवीवर ‘जैविक भारत’ हे चिन्ह आहे काय, ते पाहावे. ‘गावरान’, ‘शुद्ध’, ‘शेतावरचे’ या शब्दांना अशी कोणतीही अट नाही. लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर प्रमाणीकरणातून सूट आहे. तेथे आपण स्वतः गोठ्यावर जाऊन पाहणे हाच उपाय.

गव्हाणीत काय आहे?

खरी अडचण येथे आहे, आणि ती आपल्या घरचीच आहे. आपल्याकडील मुख्य खुराक म्हणजे सरकीची ढेप. देशात २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज कापसाचे बहुतेक क्षेत्र बीटीखाली आहे. जनुकीय बदल केलेल्या पिकाचे खाद्य सेंद्रिय पशुपालनात चालत नाही. म्हणजे बाजारातील सरकी ढेप बाद. सोयाबीन आपल्याकडे बीटी नाही. परंतु कारखान्यात हेक्झेन द्रावकाने तेल काढलेली ढेपही चालत नाही. कडबा व कुटारावर युरियाची प्रक्रिया करा (१०० किलोस ४ किलो युरिया, २१ दिवस झाकून), असे आम्हीच आपणांस सांगत आलो. साध्या दुग्धव्यवसायासाठी तो सल्ला आजही योग्य आहे, पण सेंद्रिय गोठ्यात युरिया वर्ज्य आहे.

मग उरते काय? घाण्यावरची करडई, तीळ, भुईमुगाची ढेप, तुरीची चुनी, ज्वारीचा कडबा, लसूणघास, शेवरी. तेही सेंद्रिय पद्धतीने पिकविलेले. हंगामी पिकाच्या जमिनीला पेरणीपूर्वी किमान दोन वर्षांचा रूपांतर काळ द्यावा लागतो.

म्हणून ब्रँडला पहिला प्रश्न विचारावा, चारा किती एकरांवर पिकतो? ४०० किलो वजनाची गाय दिवसाला १० ते १२ किलो शुष्क चारा खाते, म्हणजे वर्षाला सुमारे ४ टन. ५०० गाईंना २,००० टन लागेल. बागायती संकरित नेपिअर एकरी वर्षाला १२ ते १५ टन शुष्क चारा देते, तोही भरपूर खत-पाण्यावर. कंपनीकडे ५० एकरच असतील तर ६०० ते ७५० टन निघेल. बाकीचा कोठून येतो आणि त्याचे प्रमाणपत्र कोठे आहे? माहितीपत्रकावरील हिरव्या कुरणाच्या चित्रापेक्षा हा हिशेब जास्त बोलतो.

जनावराची निगा

अमेरिकेत मोठे कळप आवारात कोंडून, केवळ सेंद्रिय दाणा चारून ‘सेंद्रिय’ दूध विकत असल्याच्या तक्रारी झाल्या. तेव्हा तेथे २०१० मध्ये नियम स्पष्ट केला: वर्षात किमान १२० दिवस चराई, आणि चराईच्या हंगामात शुष्क चाऱ्याचा किमान ३० टक्के भाग चरून. आपली जनावरे रानात जातात, ही आपली जमेची बाजू. मात्र ज्या बांधावर तणनाशक मारले, तेथील गवत चारू नये.

गोठ्यावर गेल्यास गाईंआधी वासरे पाहावीत. वासराला खरे दूध मिळते की भुकटीचे पाणी? गोऱ्हे आणि भाकड गाई कोठे जातात? मग खूर, कास, गोचीड. पान्हा सोडण्यासाठी सुई टोचत असतील तर तेथून परत फिरावे. जनावराला अपायकारक असे इंजेक्शन दुधासाठी देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

‘आम्ही औषध देतच नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्याचीही शंका घ्यावी. लसीकरण सेंद्रिय पद्धतीत चालते. २०२२ च्या लम्पी साथीत लस टाळणे हा जनावरावर अन्यायच ठरला असता. कासदाह झालेल्या गाईला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रतिजैविकही देता येते. मात्र दूध वेगळे काढावे लागते. औषधाच्या वेष्टनावर मुदत नसेल तर किमान ७ दिवस, आणि सेंद्रिय मानकांत कायदेशीर मुदतीच्या दुप्पट. याची नोंदवही मागावी. वही नसेल तर चिन्हावर किती विसंबावे, ते आपण ठरवावे.

ढेपेची बुरशी सेंद्रिय-रासायनिक असा भेद करत नाही. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन दुधात उतरते. त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. पावसाळ्यात ढेप कोठे साठवतात, हेही पाहावे.

दूध घालण्याचा करार करताना रूपांतराच्या दोन वर्षांत भाव साधा मिळणार की वाढीव, प्रमाणीकरणाचा खर्च कोण सोसणार आणि प्रमाणपत्र कोणाच्या नावावर राहणार, हे तीन मुद्दे लिहून घ्यावेत. प्रमाणपत्र कंपनीच्या नावे असेल, तर कंपनी सोडताच आपले दूध पुन्हा साध्या दुधाच्या भावाने जाईल.