झोपेच्या गोळ्या : गुण, दोष आणि सवय



गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या भागात झोपेचे खोबरे होते. कुणाची तोड आलेली असते, कुणाची टोळी पळालेली असते, कुणी ट्रॅक्टर घेऊन वजनकाट्याच्या रांगेत रात्र काढतो. ज्या फीडरवर अजून रात्रीची लाईट आहे तिथे पाण्याची पाळी रात्रीच धरावी लागते. त्यात बिलाची, सोसायटीच्या कर्जाची, पोरीच्या लग्नाची काळजी. मग कुणीतरी सांगतो, “अर्धी गोळी घे, मस्त झोप लागते.” अशी गोळी आज पुष्कळ घरांत पोचली आहे, पण ती शरीरात काय करते हे घेणाऱ्याला बहुधा माहीत नसते. तणनाशक मारताना आपण डब्यावरचा कागद वाचतो, पोटात घ्यायच्या औषधाचा वाचत नाही. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

आधी हे स्पष्ट करतो की गोळी वाईट आणि ती देणारा डॉक्टर वाईट, असे आमचे म्हणणे नाही. घरात मयत झाली, मोठे ऑपरेशन झाले, अशा वेळी थोड्या दिवसांपुरती ही गोळी खरोखर उपयोगी पडते. फिट आवरायलाही याच जातीची औषधे वापरतात. दोष सुरू होतो तो थोड्या दिवसांची गोळी वर्षानुवर्षे चालू राहते तेव्हा.

या औषधांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९०३ साली बार्बिट्युरेट जातीचे पहिले झोपेचे औषध बाजारात आले. त्या गोळ्यांत अडचण अशी की झोप आणणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत फार अंतर नव्हते. पुढे लिओ स्टर्नबाख या शास्त्रज्ञाने बेंझोडायझेपिन नावाचा नवा गट शोधला. त्यातले पहिले औषध १९६० साली आणि डायझेपाम १९६३ साली विक्रीला आले. आपल्याकडच्या जुन्या माणसांना डायझेपाम ‘काम्पोज’ या नावाने ठाऊक आहे. ही औषधे निर्धोक आहेत, सवय लागत नाही, असा तेव्हा बोलबाला झाला. तो खरा नव्हता. १९८८ साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवले की ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या गटातल्या प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकावर सवयीबद्दल चौकटीतला इशारा छापायला लावला. म्हणजे औषध येऊन साठ वर्षे झाल्यावर! आज आपल्याकडे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम ही याच भावकीतली नावे चिठ्ठीवर दिसतात. झोल्पिडेम हे नात्याने थोडे लांबचे, पण कामाने तसेच.

आता ही गोळी करते काय? मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य असते. मेंदूची धावपळ मंदावणे हे त्याचे काम. गोळी या गाबाचा जोर वाढवते. त्यामुळे काळजी थोडी दूर जाते, अंग सैल पडते, डोळा लागतो. पण त्याच वेळी तोल, आठवण, निर्णय घेण्याची चपळाई आणि श्वासाचा जोर हेही मंदावतात. शिवाय बेंझोडायझेपिनने लागलेल्या झोपेत गाढ झोपेचा भाग कमी होतो. “आठ तास झोपलो पण अंग जड आहे” अशी तक्रार येते ती यामुळेही.

गोळीचा अंमल किती वेळ राहतो हे नीट समजून घ्यावे. अल्प्राझोलाम रक्तातून निम्मे उतरायला धडधाकट माणसात सरासरी अकरा तास लागतात. म्हणजे रात्री दहाला घेतलेली गोळी सकाळी नऊच्या सुमारास जवळजवळ निम्मी अंगात असते. डायझेपामला तर दोन दिवस लागतात, आणि त्यापासून शरीरात तयार होणारा पदार्थ त्याहून जास्त टिकतो. रोज घेतले की आदल्या दिवसाचे शिल्लक आणि आजचे नवे अशी थप्पी लागते. झोल्पिडेम दोन-तीन तासांत निम्मे उतरते, पण अमेरिकेत असे आढळले की पुष्कळ बायकांच्या रक्तात ते सकाळपर्यंत गाडी चालवायला धोक्याचे ठरेल इतके उरते. म्हणून २०१३ साली तिथे बायकांची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणली. याच औषधावर काही माणसे झोपेतच उठून चालल्याची, स्वयंपाक केल्याची, गाडी हाकल्याचीही उदाहरणे झाली आणि २०१९ साली त्याचा इशारा छापावा लागला. सकाळी त्यांना यातले काही आठवत नाही.

हा हिशेब ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी आपल्या ड्रायव्हरला जरूर सांगावा. रात्री एकला गोळी घेऊन पहाटे पाचला दोन ट्रॉल्यांचा ऊस घेऊन निघणे म्हणजे पिऊन गाडी चालवण्यासारखेच आहे. फरक एवढाच की तोंडाला वास येत नाही. विहिरीच्या काठावर, उघड्या स्टार्टरजवळ, चाफकटरवर काम करणाऱ्यालाही हेच लागू. रात्री पाणी धरायचे असेल त्या रात्री गोळी नको. दिवसा झोपायचे तर अंधाऱ्या खोलीत, फोन बाजूला ठेवून झोपावे, आणि घरच्यांनी तेवढा वेळ त्या माणसाला हाक मारू नये.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट वेगळी आहे. वय झाले की औषध अंगातून हळू उतरते. आजोबा रात्री लघवीला उठतात, तोल जातो, उंबऱ्यात पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. पुढे अंथरूण धरले की काय होते ते गावोगाव आपण पाहतो. कधी दिवसा गोंधळ, विसरभोळेपणा येतो आणि घरचे म्हणतात, “वय झालं आता.” वय असेलही, पण आधी गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करून दाखवावी.

कशाबरोबर गोळी घेऊ नये हेही पाहू. पहिली दारू. दोन्ही मिळून श्वास बंद पडू शकतो, यात “थोडी घेतली तर चालते” असला हिशेब नाही. दुसरे, ट्रामाडोलसारख्या दुखण्याच्या कडक गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनीही गुंगी वाढते. आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गजकर्णासाठी इट्राकोनाझोल चालू असेल तर अल्प्राझोलाम अंगातून उतरत नाही, साठत जाते. ही दोन औषधे एकत्र घ्यायचीच नाहीत. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या आणि मध्येच श्वास अडकणाऱ्या माणसाने, दमेकऱ्याने, यकृताचा आजार असणाऱ्याने आणि गरोदर बाईने तर डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय गोळीला हात लावू नये.

आता सवयीबद्दल. खारट पाणी आणि युरियाचा मारा करून चोपण झालेल्या रानात वर्षाला एक पोते वाढवावे लागते आणि उतारा मात्र तोच राहतो, हे आपण पाहिले आहे. गोळीचे तसेच आहे. काही आठवड्यांत मेंदू गोळी धरूनच चालायला शिकतो. पाव मिलिग्रॅमची अर्धा होते, अर्ध्याची एक. बंद केली की पहिल्यापेक्षा वाईट झोप उडते, हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते. माणसाला वाटते, “बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही.” खरे तर ती गोळी सुटल्याची लक्षणे असतात. फार दिवस घेणाऱ्याने एकदम सोडली तर भास होतात, फिट येते, प्रसंगी जीवावर बेतते.

याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम आणि डायझेपाम मिसळून विकण्याचा धंदा होता. २०१५ साली सरकारने त्यावर टाच आणली, तेव्हा निजामाबाद, महबूबनगर भागातली रोज ताडी पिणारी माणसे थरथरत, बरळत, फिट येऊन दवाखान्यात भरती होऊ लागली. निजामाबाद म्हणजे आपल्या नांदेडला लागूनच. त्यांना आपण ताडी पितो एवढेच माहीत होते.

म्हणून हा लेख वाचून कुणीही आज रात्रीपासून गोळी फेकून देऊ नये. डॉक्टरांना भेटून मात्रा थोडी थोडी, आठवड्या-आठवड्यांच्या अंतराने उतरवावी. वर्षानुवर्षांची सवय सुटायला काही महिने लागतात. घाई केली तर परत मूळ पदावर येतो.

गोळी घ्यायच्या आधी झोप का जाते ते शोधावे. रात्री तीनदा लघवीला उठावे लागते ते साखरेमुळे की प्रोस्टेटमुळे? पित्त आहे? गुडघा ठणकतो? रात्री नऊचा चहा आणि निजतानाची तंबाखू-मिश्री, दोन्ही झोप उडवतात. दारूने झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली सांगितले की जुन्या निद्रानाशावर आधी गोळी नको, झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची पद्धत शिकवावी. त्यातले मुख्य असे: झोप कशीही लागो, उठायची वेळ एकच ठेवायची. अंथरुणात तळमळत पडायचे नाही, उठून बसायचे, डोळे जड झाले की परत आडवे व्हायचे. ऐकायला साधे आहे, पण दोन-तीन आठवडे नेटाने करावे लागते.

पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, कशातच राम वाटत नाही, असे असेल तर तो निराशेचा आजार असू शकतो. त्याचे औषध वेगळे आहे. अशा माणसाला घरच्यांनी सरळ विचारावे, गोळ्यांची पाकिटे त्याच्या हाती एकगठ्ठा देऊ नयेत. १४४१६ हा टेलि-मानसचा फुकट फोन आहे, तो २०२२ पासून चालू आहे.

खरेदीचा कायदाही माहीत असावा. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे ‘एच-वन’ यादीत आहेत. २०१४ पासून दुकानदाराला डॉक्टरांचे आणि रोग्याचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. पाकिटावर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ असते. चिठ्ठीशिवाय ओळखीवर गोळी देणारा दुकानदार आपला मित्र नव्हे. शेजाऱ्याची चिठ्ठीही आपल्या कामाची नाही.

कुणी जास्त गोळ्या घेतल्याचा संशय आला, हाक मारून जागे होत नाही असे दिसले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा खटाटोप करू नये. ते श्वासनलिकेत जाते. माणसाला कुशीवर वळवावे, श्वास चालू आहे का यावर नजर ठेवावी, १०८ ला फोन करावा आणि रिकामे पाकीट बरोबर न्यावे.