ग्राम-साहाय्य पथक : रचना, सराव आणि शिक्षकाचे कार्य

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत वाचन व चर्चेसाठी)

पाठाचा हेतू : पूर, भूकंप, दरड, आग इत्यादी आपत्ती ओढवली असता बाहेरची मदत पोहोचेपर्यंतचा काळ गावाने स्वतःच्या बळावर कसा निभावावा, त्यासाठी स्वयंसेवकांचे पथक कसे उभारावे आणि त्या कार्यात प्राथमिक शिक्षकाचा वाटा कोणता, याचा विचार या पाठात केला आहे.

१. पहिला प्रहर गावाचाच

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे निजली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे कोसळली व सुमारे आठ हजार माणसे प्राणांस मुकली. सैन्य व इतर पथके येण्यापूर्वी अंधारात दगड उपसू लागले ते बचावलेले शेजारीच होते.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला. गावातून वार्ता द्यावयासही कोणी उरले नव्हते. नित्याप्रमाणे आलेल्या एस. टी. बसच्या चालकास गाव जागेवर दिसेना, तेव्हा जगास ते कळले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. जड यंत्रे वर नेता आली नाहीत आणि मदतीस आलेल्या माणसांना चिखलातून डोंगर चढून जावे लागले. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली होती.

या उदाहरणांवरून दोन गोष्टी ध्यानी येतात. पहिली ही की, साहाय्य कितीही तत्पर असले तरी वाट, पाऊस आणि अंतर यांवर त्याचा इलाज चालत नाही. दुसरी ही की, आपत्ती वेळ पाहून येत नाही. ती अनेकदा रात्री येते. यास्तव पथक हे गावात वस्तीस असणाऱ्यांचेच असले पाहिजे.

२. केवळ धैर्य पुरेसे नाही

आपल्या खेड्यांत धैर्याची वाण नाही. हाक ऐकताच लोक धावतात. तथापि व्यवस्थेवाचून केलेली धावपळ कधी कधी नवे संकट ओढवते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात क्षमतेहून अधिक माणसे बसली होती. पाणी चढत असता मागे राहण्यास कोण तयार होईल? म्हणूनच बोटीत किती माणसे बसावयाची, प्रथम कोणी जावयाचे आणि ‘पुरे’ असे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हे पाणी चढण्यापूर्वीच ठरले पाहिजे. काठावर उभे राहून त्याचा निर्णय होत नाही.

पथकाचा पहिला नियम म्हणून हा मानावा : मदतीस जाणाऱ्याने संकटात सापडलेल्यांची संख्या वाढवू नये. बुडणाऱ्यास आधी काठी पुढे करावी, ती न पुरल्यास दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकावी, मग होडीने जावे. पाण्यात उडी घेणे हा शेवटचा उपाय होय. ज्याला पट्टीचे पोहता येते त्यानेही सहसा वाहत्या पाण्यात शिरू नये. पडलेल्या घरात शिरण्यापूर्वी वीज तोडावी व स्वयंपाकाच्या गॅसचा वास येतो का ते पाहावे. मग सर्वांनी क्षणभर स्तब्ध राहून हाक द्यावी आणि आतील प्रतिसाद ऐकावा. गलबल्यात क्षीण आवाज विरून जातो.

३. पथकाची रचना

मध्यम गावास वीस ते पंचवीस स्वयंसेवक पुरेसे होतात. वाड्यावस्त्या विखुरलेल्या असल्यास प्रत्येक वाडीस चार-पाच जणांची स्वतंत्र तुकडी असावी. स्त्रियांचा समावेश निम्म्याने असणे इष्ट आहे, कारण दिवसा पुरुषमंडळी बहुधा कामानिमित्त बाहेर असतात. पथकाच्या पाच शाखा कराव्यात.

(अ) इशारा : नदीची पातळी, पाऊस, डोंगरउतारावरील नव्या भेगा, गढूळ होणारे झरे यांवर लक्ष ठेवणे व सूचना देणे.
(आ) शोध व सुटका : पोहणारे, गवंडी, सुतार, वायरमन, ट्रॅक्टरचालक यांसारखे कसबी लोक.
(इ) प्रथमोपचार : आशा कार्यकर्ती व दोन-तीन शिकलेले तरुण.
(ई) निवारा व अन्न : अंगणवाडी सेविका आणि महिला बचत गटाच्या सभासद.
(उ) नोंद : कोण कोठून निघाला व कोठे पोहोचला, हे लिहिणारे दोघे.

प्रत्येक शाखेस एक प्रमुख व एक उपप्रमुख असावा. प्रमुखच संकटात सापडला तर काम अडू नये, हा उपप्रमुख नेमण्यामागील हेतू. सरपंच व पोलीस पाटील यांचा पाठिंबा आरंभीच घ्यावा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ ही योजना सुरू करून स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. असे प्रशिक्षित कोणी जवळपास असतील तर त्यांस पहिल्या सरावास अवश्य बोलवावे.

साहित्यासाठी मोठा खर्च नको. लांब दोर, कुदळी, फावडी, पहारी, विजेऱ्या, शिट्ट्या, ट्यूबा, झाकण घट्ट बसणारे रिकामे कॅन, प्रथमोपचार पेटी आणि पाणी शुद्ध करण्याची टी. सी. एल. पावडर एवढे पुरे. दोन बांबू व दोन भक्कम पोती यांची डोलीही उत्तम होते. साहित्य कोणाच्या घरी आहे व किल्ली कोणाकडे आहे हे मात्र सर्वांस ठाऊक हवे.

४. घरवार यादी

पथकाचे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे एक वही होय. ढिगारा उपसताना पहिला प्रश्न असतो, ‘आत कितीजण आहेत?’ याचे उत्तर नसेल तर जेथे कोणी नाही तेथे हात शिणतात आणि जेथे कोणी आहे तेथे उशीर होतो. म्हणून घराघरांत रात्री कोण निजते याची यादी असावी. शिधापत्रिकेवरील नावे आणि घरात निजणारी माणसे यांत पुष्कळ अंतर असते. कोणी मुंबईस असतो, तर कोणाची लेक बाळंतपणास आलेली असते. ऊसतोडणीस गेलेली कुटुंबे, शेतावरच्या खोपटात राहणारे मजूर, नदीकाठी उतरलेले मेंढपाळ हेही यादीत आले पाहिजेत. यादीतून सुटणारा मनुष्य मदतीतूनही सुटतो.

नोंदीचा नमुना असा : ‘घर क्रमांक १४. रात्री निजणारे ५. पैकी अंथरुणास खिळलेली आजी १, तान्हे मूल १. आजीस उचलून नेणारे : घर क्रमांक १५ मधील दोघे.’ शेवटची ओळ विशेष महत्त्वाची आहे. ‘दुर्बलांस आधी न्यावे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणास कोणी न्यावे हे नावानिशी लिहिलेले असावे. वहीच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात आणि जून व दिवाळी अशी वर्षातून दोनदा ती ताजी करावी. ही माहिती खाजगी आहे, ती अन्य कामासाठी कोणास देऊ नये.

५. संकेत आणि सराव

मोबाईलचा मनोरा बंद पडू शकतो, वीज जाऊ शकते. म्हणून देवळाची घंटा, शाळेची घंटा किंवा शिट्टी यांचा एकच संकेत ठरवावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ व आणीबाणीचा ११२ हे क्रमांक भिंतीवर रंगवावेत.

सराव वर्षातून दोनदा व्हावा, त्यांपैकी एक अंधारात. सरावाच्या अखेरीस कोणती किल्ली सापडली नाही, कोणत्या वाडीस घंटा ऐकू गेली नाही, आजीला उचलणारे दोघे खरोखर घरी होते का, हे विचारावे. सरावात उघडी पडलेली चूक हा लाभच समजावा.

६. शिक्षकाचे कार्य

शिक्षकाने पथकाचा नायक होऊ नये. त्याची बदली होते आणि रात्री तो बहुधा गावात नसतो. त्याने पथकाचा गुरू व वहीचा राखणदार व्हावे, आणि बदली होताना दोन्ही कामे गावच्या माणसाकडे सोपवून जावे. परिसर अभ्यासाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून गावाचा नकाशा, उंच जागा, विहिरी आणि पूररेषा काढून घ्याव्यात. मुलांना सुटकेच्या कामी मात्र कदापि जुंपू नये. त्यांनी संकेत ओळखावा, सुरक्षित जागी जावे आणि घरच्यांना तेथे आणावे, एवढेच त्यांचे काम. पुरात साप घरात शिरतात. सर्पदंश झाल्यास चिरा न देता, आवळून न बांधता, रुग्णास चालू न देता तत्काळ दवाखान्यात न्यावे, एवढे मुलांच्या तोंडी बसले तरी एखादे घर वाचेल.

७. समारोप

धरणे, यंत्रे आणि मोठी पथके शासन उभारील, पण शेजारच्या घरात आज रात्री कोण निजले आहे हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते. ती ओळख वहीत उतरवून सरावाने पक्की करणे, हे प्रत्येक गावास साधण्याजोगे कार्य आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान एका वाडीची यादी पुरी करूनच या पाठाचे वाचन सार्थ करावे.

स्वाध्याय

१. आपल्या गावास कोणत्या दोन आपत्तींचा अधिक संभव आहे? जुन्या माणसांस विचारून लिहा.
२. शाळेची घंटा कोणत्या घरांपर्यंत ऐकू येत नाही, ते प्रत्यक्ष वाजवून ठरवा.
३. शाळेजवळच्या दहा घरांची यादी वरील नमुन्याप्रमाणे करा व प्रत्येक दुर्बल व्यक्तीपुढे दोन साहाय्यकांची नावे, त्यांची संमती घेऊन, लिहा.