मनगटाचं काय?

चि. ओजस यास,


क्वाड स्केट्स सोडून तू इनलाइन स्केट्सवर आलास, हे तुझ्या आईकडून कळलं. आनंद वाटला. हेल्मेट आणि नी-पॅड तू बिनतक्रार घालतोस, रिस्ट-गार्ड मात्र बॅगेतच राहतात, हेही तिनेच सांगितलं. ‘रेसमधले मोठे स्केटर कुठे घालतात?’ असं तू तिला विचारलंस म्हणे.

नाहीच घालत सहसा. वेगाच्या शर्यतीत डोक्याला हेल्मेट असतं, बाकी फारसं काही नाही. पण ती मंडळी गुळगुळीत ट्रॅकवर उतरतात आणि वर्षानुवर्षं पडून-उठून तयार झालेली असतात. तू सोसायटीच्या रस्त्यावर शिकतोयस. तिथे चाकाखाली एक खडा आला तरी पुरतो.

तोल गेला की हात आपोआप पुढे येतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. मग अंगाचा सगळा भार तळव्यावर पडतो आणि मनगट मागे मुडपतं. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इनलाइन स्केटिंगच्या दुखापतींवरचा अमेरिकेतला अभ्यास छापून आला. त्यात मनगटाच्याच दुखापती सर्वाधिक होत्या आणि गार्ड न घालणाऱ्यांना तो धोका सुमारे दहापट आढळला. गार्डची टणक पट्टी मनगटाला मागे वाकू देत नाही, शिवाय जमिनीवरून घसरते. त्यामुळे हात जागच्या जागी अडकत नाही.

प्लास्टर काढलेली मुलं माझ्याकडे व्यायामाला येतात, ती मी रोज पाहते. डब्याचं झाकण फिरत नाही, नळ सोडायला दुसरा हात लागतो, दोन ओळी लिहिल्या की पेन खाली ठेवावं लागतं. तुझी तर यंदा दहावी आहे.

पडायचा सरावही कर. गुडघे वाकवून आधी नी-पॅडवर ये, मग कोपरांवर, शेवटी तळवे टेक आणि बोटं वर उचललेली ठेव. पॅड ढिले असतील तर ऐन वेळी सरकतील. पट्टे घट्ट ओढ.

गार्ड घातल्यावर बुटाची बकलं लावता येत नाहीत, म्हणून ते शेवटी घालायचे असतात आणि तिथेच ते राहून जातात. तेव्हा एवढं कर, दोन्ही गार्ड चढवल्याशिवाय बाकावरून उठू नकोस.

तुझी,
आत्या