कुळात आलेला कॅन्सर : समजून घ्या, लपवू नका

बारामती व इंदापूर तालुक्यांतील आपल्या वस्त्यांत एखाद्या घरात आई, मग मावशी, मग मोठी बहीण अशा एकामागून एक कॅन्सरने गेल्या, की कोणी म्हणते, ‘मागच्या जन्मीचे भोग’. कोणी म्हणते, ‘त्या घराला लागण आहे.’ घरची माणसे मात्र गप्प बसतात, कारण घरात लग्नाच्या मुली असतात. भोग, लागण आणि गप्प बसणे, या तिन्हींमुळे वाचू शकणारी माणसे दगावतात. म्हणून हा विषय धम्मबांधवांपुढे मांडत आहे.

पूर्वकर्म की अनुवंश?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच प्रश्न तपासला आहे. मूल आईबापांचे गुणधर्म घेऊन जन्माला येते, असे विज्ञान सांगते. पूर्वकर्माचा सिद्धान्त मात्र असे मानतो की, आईबापांकडून फक्त शरीर मिळते आणि बाकी सर्व मूल आपल्याच मागील जन्मातून आणते. बाबासाहेबांनी ही विसंगती उघड करून दाखवली. ‘भोग’ म्हटले की हात जोडून बसणे आले. ‘कारण’ म्हटले की उपाय शोधता येतो. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ही तथागतांची शिकवण येथेही लागू पडते.

कारण काय?

आपल्या प्रत्येक पेशीत आईकडून व वडिलांकडून आलेली जनुके असतात. त्यांपैकी काही जनुके पेशींतील बिघाड दुरुस्त करतात. त्यांतच दोष असला तर कॅन्सरचा धोका वाढतो. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन संशोधिकेने १९९० साली स्तनाच्या आनुवंशिक कॅन्सरचे मूळ कोणत्या गुणसूत्रावर आहे ते दाखवले. पुढे १९९४ साली बीआरसीए-१ व १९९५ साली बीआरसीए-२ ही जनुके हाती लागली. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ६० ते ७० जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा आणि सुमारे ४० जणींना अंडाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. असा दोष प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, उतरण्याची शक्यता निम्मी असते. मोठे आतडे व गर्भाशय यांचा कॅन्सर एकाच घराण्यात आणणारे दोषही आहेत.

मात्र १०० कॅन्सरांपैकी फार तर ५ ते १० असे आनुवंशिक असतात. बाप तंबाखू मळतो, आई मिश्री लावते, मुलगा गुटखा खातो आणि तिघांना तोंडाचा कॅन्सर होतो, तेव्हा वारसा रक्ताचा नसतो, सवयीचा असतो. आणि कॅन्सर शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही, हे घरोघर सांगावे.

शंका केव्हा घ्यावी?

१) पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल.
२) रक्ताच्या नात्यातील, एकाच बाजूच्या दोघा-तिघांना तो झाला असेल.
३) एकाच व्यक्तीला दोन्ही स्तनांचा किंवा दोन वेगळे कॅन्सर झाले असतील.
४) कोणाला कोणत्याही वयात अंडाशयाचा, किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल.
५) लहान मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसत असेल. अशा वेळी तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

पहिले साधन : घरातली वही

डॉक्टर विचारतात, ‘घरात कोणाला होता का?’ आपण भावकी आठवतो आणि ‘नाही’ म्हणतो. आजोळ राहून जाते. आत्या सासरी गेली की तीही राहून जाते. जनुके मात्र दोन्हीकडून येतात, आणि स्तनाच्या कॅन्सरचा दोष निरोगी वडिलांकडूनही मुलीला मिळतो. म्हणून एक वही करावी. आजी-आजोबा, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, भावंडे यांची नावे, आजार आणि आजार झाला तेव्हाचे वय लिहावे. ‘पोटात पाणी होऊन गेली’, ‘छातीला गाठ होती’ असे म्हाताऱ्या माणसांचे शब्दही जसेच्या तसे लिहावेत, कारण त्यांतून डॉक्टरांना दिशा मिळते. जुने तपासणी अहवाल फेकू नयेत.

कोठे जावे?

प्रथम आशाताई व उपकेंद्र. तिशीपुढील स्त्री-पुरुषांची तोंडाची, तसेच स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. पुढे बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय आहे. इंदापूरकरांना सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयही सोयीचे आहे.

आनुवंशिकतेचा खास सल्ला मात्र टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिकमध्ये मिळतो. परळ येथील हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याचे संशोधन केंद्र खारघरला आहे. जाताना वही व अहवाल न्यावेत. दादरच्या श्री संत गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सर रुग्ण व नातेवाइकांची राहण्याची सोय होते. रेल्वे व एस.टी.मध्ये कॅन्सर रुग्णांना प्रवासात सवलत आहे. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो, त्याला रेशनकार्ड व आधारकार्ड दाखवावे. जनुक चाचणीचा खर्च योजनेत धरला जाईलच असे नाही, तो आधी विचारून घ्यावा.

चाचणी आणि त्यानंतर

शक्यतो प्रथम कॅन्सर झालेल्या व्यक्तीची चाचणी करतात. तिच्यात दोष सापडला तर तोच दोष इतर नातेवाइकांत शोधणे सोपे जाते. उत्तर तीन प्रकारचे येते : दोष आहे, दोष आढळला नाही, किंवा बदल दिसतो पण त्याचा अर्थ अजून निश्चित नाही. तिसऱ्या उत्तरावर घाईने शस्त्रक्रिया करू नये. दोष आहे म्हणजे कॅन्सर झाला असेही नव्हे. तरुणपणापासून ठरावीक तपासण्या करता येतात. बीआरसीए-१ चा दोष असल्यास मुलेबाळे झाल्यावर, साधारण ३५ ते ४० या वयात, अंडाशय व बीजनलिका काढून धोका पुष्कळ कमी करता येतो. चाचणी करावी की नाही हा त्या व्यक्तीचाच निर्णय आहे, सासर-माहेरचा दबाव नको. मोठेपणी होणाऱ्या कॅन्सरसाठी अठरा वर्षांखालील मुलांची चाचणी सहसा करीत नाहीत.

समाजाचे कर्तव्य

अतिसाराने खितपत पडलेल्या एका भिक्खूजवळ कोणी जात नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, अंथरुणावर निजवले, आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करण्यास सांगितले. आपण त्यांचे अनुयायी असू, तर ‘त्या घरात कॅन्सर आहे’ म्हणून सोयरीक मोडणार नाही. जी मुलगी आपल्या घरचा आजार उघड सांगते, ती आपले आणि पुढच्या पिढीचे प्राण वाचवते. दोष मुलाकडूनही येऊ शकतो, हे विसरू नये.

वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचन करतो. येत्या वर्षावासात एका संध्याकाळी वाचन संपल्यावर प्रत्येक कुटुंबाने ही वही उघडावी, आणि लिहिता न येणाऱ्या आजींना तरुणांनी ती लिहून द्यावी, ही नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!