कापडाखालचं लाकूड

टायगर मॉथच्या पंखांचं काम अंगावर घ्यायचं असेल, तर जुनं कापड उतरवल्याशिवाय मालकाला खर्चाचा आकडा सांगू नका. हे ब्रिटिश विमान 1931 साली पहिल्यांदा उडालं. त्याचे चारही पंख स्प्रूसच्या लाकडाचे, वरून कापड आणि त्यावर डोपचा, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या रोगणाचा, लेप. इंग्लंडमध्ये मी ज्या शेडमध्ये काम करायचो, तिथे असाच एक पंख ‘नुसता रंग गेलाय’ म्हणून आला. कापड सोललं, तर मागच्या स्पारच्या, म्हणजे पंखाच्या तुळईच्या, मुळाशी बोल्टभोवतीचं लाकूड काळं पडलेलं. पटाशीचं टोक टेकवलं तर सहज आत गेलं. आधीच्या कारागिराने त्यावर झकास वॉर्निश मारून ठेवलं होतं!

म्हणून टॉर्च तिरपी धरून स्पार इंचाइंचाने बघा. लाकडाच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या, केसाएवढ्या बारीक सुरकुत्या दिसल्या, की लाकूड कधीतरी दाबाखाली चिरडलंय असं समजा. तिथे डागडुजी चालत नाही, स्पार बदलायचा. नव्या फळीत रेषा 15 इंचांत 1 इंचाहून जास्त तिरकी गेलेली नको.

खरी गोम मात्र सरसात. पूर्वी दुधातल्या केसीनचा सरस वापरत. ओल लागली की त्याला बुरशी धरते. 1944 मध्ये आपल्याकडच्या, भारतातल्या, उष्ण-दमट हवेत लाकडी मॉस्किटो विमानांच्या पंखांचे सांधे सुटले, तेव्हा आधी संशय सरसावरच गेला आणि ती काही काळ जमिनीवरच ठेवावी लागली. केसीननंतर आलेल्या एरोलाइटमध्ये एका बाजूला सरस आणि दुसऱ्या बाजूला आम्लाचा हार्डनर लावतात. तो चांगला, पण भोळसट भरवसा नको. सरसाच्या प्रत्येक घाण्याबरोबर त्याच लाकडाचे दोन तुकडे चिकटवून ठेवा आणि पुरते वाळल्यावर शिकंज्यात धरून फोडा. लाकूड फाटलं तर ठीक. सांधा सरसावरच स्वच्छ सुटला, तर त्या घाण्याचं सगळं काम उघडायचं, कितीही जिवावर आलं तरी. क्लॅम्पही आवळून आवळून लावू नका, सरस सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. चिकटवायच्या जागी वॉर्निशचा थेंबही नको.

पंखाच्या जुन्या फासळीवरून नवी कापायचा मोह होतो. जुनी वाकलेली असते. माप ड्रॉइंगवरूनच घ्या.

नवं कापड चढलं, की पंखाच्या मागच्या कडेची पाणी निथळायची भोकं डोपने बुजली नाहीत ना, ते स्वतः काडी घालून बघा. रंगाऱ्याच्या ‘हो’वर जाऊ नका.