पंच केल्यानंतरची वीस मिनिटं

भोसरीच्या एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये मी एकवीस वर्षं पाळ्या केल्या. तेव्हा आम्हाला 1948 चा कारखाना अधिनियम लागू होता. त्या वर्षांत अंगावर घेऊन शिकलो ते हे.

1. चार्ज देणं हेही काम आहे. आमच्याकडे आधी कार्ड पंच करायला लावायचे आणि मग रिलीव्हरला डाय, मोजमापं, बिघाड समजावून सांगायला परत मशीनवर पाठवायचे. रोजची वीस मिनिटं. ‘एवढ्याशानं काय होतं,’ असं मीही म्हणायचो. एकदा हिशेब मांडला. सहा दिवसांचे दोन तास. आमचे पाळीचे 48 तास आधीच भरलेले, म्हणजे हे दोन तास ओव्हरटाइमचे, दुप्पट दराचे. महिन्याला एक अख्खी पाळी आम्ही फुकट करत होतो! तो कागद बघून बायको गप्प झाली. त्या पैशांत मुलीच्या शिकवणीची फी भागली असती.

2. मशीनवरून उठता येत असेल तरच ती जेवणाची सुट्टी. पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती द्यायची आणि तो वेळ कामात धरायचा नाही, असा नियम होता. मान्य. पण डबा प्रेसशेजारी, डोळे लाइनवर, आणि अर्धा तास पगारातून वजा? ती विश्रांती नव्हेच.

3. येण्याजाण्याचा वेळ पगारी नाही. मात्र कामावर जाता-येता अपघात झाला, आणि त्याचा नोकरीशी संबंध दिसला, तर 2010 पासून ईएसआयचं संरक्षण आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

4. पत्रा आला नाही, वीज गेली, तरी गेटवरून परत फिरायचं नाही. आधी हजेरी लावायची. वेळेवर हजर राहूनही दोन तासांत काम दिलं नाही तर तो ले-ऑफ. आमच्यासारख्या मोठ्या कारखान्यात वर्ष भरलेल्या कामगाराला त्याबद्दल निम्मा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळायचा. हजेरीच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर?

5. स्वतःची वही ठेवा. टाइम ऑफिसच्या रजिस्टरमध्ये पंचाची वेळ असते, सुटल्याची नसते. युनियननं आमचा प्रश्न लावून धरला तेव्हा साहेबांसमोर माझी शंभर पानी वहीच ठेवली होती. पुढच्या महिन्यापासून पंच चार्ज दिल्यानंतर होऊ लागला. मागचे पैसे मात्र मिळाले नाहीत, ते अजून सलतं.

मुलगा आता चाकणला जातो. घरी आला की त्याला मी दोन वेळा विचारतो: सुटलास कधी, आणि पंच कधी केलास?